कीचक कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं

धान कापून झालं, चुरून झालं, आता जरा टेकून ऐकायला फुरसत आहे, म्हणून आज एका जुन्या नाटकाची गोष्ट सांगतो. हे नाटक सरकारनं बंद पाडलं होतं, त्याला शंभराच्या वर वर्षं झाली. पण आमच्यापर्यंत ते आलं आमच्याच गटातल्या एका भांडणातून. म्हणून आधी ते भांडण ऐका.

आमच्या गाव संघटनेनं दारूवर पथनाट्य बसवायचं ठरवलं. १९९३ पासून आपल्या गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे, हे तुम्हाला सांगायला नको. रात्री प्राणहितेच्या पलीकडून काय येतं आणि नाल्याच्या काठी कुठल्या मडक्यात काय उकळतं, तेही सांगायला नको. निवेदनं दिली, ठाण्यात चकरा मारल्या, सडवा ओतून टाकला. आता म्हटलं, नाटक करून बघू. बारावी झालेल्या एका पोरीनं ते लिहिलं. दारूचा रावण. त्याला दहा तोंडं. एक तोंड देशीचं, एक विदेशीचं, एक मोहाच्या दारूचं, एक खर्ऱ्याचं, एक सट्ट्याचं, अशी दहा. शेवटी गावच्या बाया त्याला जाळतात. ऐकून सगळ्या टाळ्या वाजवून मोकळ्या झालो. पुठ्ठ्याची दोन तोंडं रंगवूनसुद्धा झाली.

मग आक्का बोलल्या. आक्का आमच्यात सगळ्यात मोठ्या, गोंड घरच्या. बैठकीत त्या फारसं बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "रावणाला जाळणार असाल तर मी येणार नाही."

कुणीतरी म्हणालं, "अहो आक्का, नाटकच तर आहे."

आक्का म्हणाल्या, "तुमच्यासाठी नाटक."

त्यांच्या बाजूला बसलेल्या तिघी उठल्या. त्यातली एक जाता जाता म्हणाली की आमच्या देवाला मोहाची धार वाहिल्याशिवाय पूजा पुरी होत नाही, अन् ती तुम्ही राक्षसाच्या तोंडात घातली. त्या दिवशी चहा न घेता बैठक मोडली.

खरं सांगतो, आम्हाला तेव्हा राग आला. इतक्या दिवसांची मेहनत, आणि ह्या आपल्याच बाया आडव्या. पण नंतर वाटलं, हे आम्हाला आधी का सुचलं नाही? आपल्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या परसवाडीला गोंड लोक दसऱ्याला रावणाची पूजा करतात. रावण आमचा राजा, आमचा पूर्वज, त्याला जाळू नका, अशी निवेदनं आदिवासी संघटना देत असतात. ह्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. आक्का सांगतात, त्यांच्या लहानपणी त्यांच्या गावात कुणी रावण जाळत नसे. तो नंतर आला. आम्ही दारू विकणाऱ्यावर दगड उचलला होता, तो लागला आक्कांना.

पुढच्या बैठकीत रावण बाद झाला. मग कोण? एकीचं माहेर अमरावतीकडचं. ती म्हणाली, कीचक घ्या. चिखलदरा हे नाव कीचकावरूनच पडलं असं तिकडे सांगतात. भीमानं कीचकाला मारून त्या दरीत फेकलं आणि भीमकुंडात हात धुतले. विदर्भातलाच राक्षस, म्हणाली, आणि त्याची पूजा करणारं मला तरी कुणी भेटलेलं नाही. आम्ही हसलो. पण तिथेच एक निवृत्त गुरुजी बसले होते, ते म्हणाले, "बायांनो, कीचकाचं नाटक एकदा झालेलं आहे. इंग्रजांनी बंद केलं होतं." तिथून आम्ही विचारत, वाचत गेलो.

आधी मूळ गोष्ट थोडी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पांडव वनवास संपवून एक वर्ष विराट राजाकडे नाव बदलून राहतात. द्रौपदी सैरंध्री होते, राणी सुदेष्णेची दासी. वेण्या घालते, चंदन उगाळते. सुदेष्णेचा भाऊ कीचक, राजाचा सेनापती. सगळं राज्य त्याच्या जिवावर चालतं, म्हणून राजाही त्याला वचकून. कीचकाची नजर सैरंध्रीवर जाते. मग सुदेष्णा काय करते? सैरंध्रीला कीचकाच्या घरी पाठवते. कशाला? दारू आणायला! आम्ही हे वाचलं तेव्हा एकमेकींकडे बघत राहिलो. महाभारतातच लिहिलेलं आहे, आम्ही काही जोडलेलं नाही.

सैरंध्री पळून भर दरबारात येते, कीचक मागून येऊन तिला लाथ मारतो. राजा गप्प. युधिष्ठिरही तिथे ब्राह्मणाच्या वेषात बसलेला, तो तिलाच सांगतो की जा आत. मग रात्री ती स्वतः उठून स्वयंपाकघरात जाते, तिथे आचारी होऊन राहिलेल्या भीमाला जागं करते, आणि चंदन उगाळून घट्टे पडलेले आपले हात त्याला दाखवते. ते हात बघून भीम रडतो. दुसऱ्या रात्री नर्तनशाळेत कीचकाचा निकाल लागतो. तरी गोष्ट संपत नाही. कीचकाचे भाऊ येतात आणि म्हणतात, हिच्यामुळे आमचा भाऊ मेला, हिलाही त्याच्याबरोबर जाळा. बाईमुळे मेला, हे वाक्य किती जुनं आहे बघा.

आता १९०७ सालात या. सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर पुण्यात लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'त काम करत होते. तेव्हा लॉर्ड कर्झन नुकतेच व्हाइसरॉयचं पद सोडून गेले होते. १९०५ च्या फेब्रुवारीत त्यांनी कलकत्त्याच्या पदवीदान समारंभात, खरेपणाची थोरवी मुळात पश्चिमेची आहे, अशा अर्थाचं भाषण केलं आणि समोर बसलेल्या शिकलेल्या पोरांना खोटारडं ठरवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात बंगालची फाळणी झाली. देश पेटलेला. पण सरकारविरुद्ध सरळ लिहिलं की राजद्रोह. टिळकांनी त्यापायी एकदा तुरुंग भोगला होता आणि १९०८ मध्ये पुन्हा सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. इंग्रज सरकारचा हात किती लांब होता हे आपल्या भागाला वेगळं सांगायला नको. बाबूराव शेडमाके यांना १८५८ च्या ऑक्टोबरात चांद्याच्या जेलात फाशी दिली, ती याच सरकारनं.

तर खाडिलकरांनी 'कीचकवध' लिहिलं. महाराष्ट्र नाटक मंडळीनं ते रंगभूमीवर आणलं. कथा महाभारताची, वेष महाभारताचे. कर्झन हे नाव अख्ख्या नाटकात एकदाही नाही. कीचक म्हणतो की राज्यकर्ते ते राज्यकर्ते, दास ते दास, आणि दासांनी राज्यकर्त्यांना हवं ते द्यायचं. ह्या अर्थाचं बोलणं त्याच्या तोंडी आहे. बघणाऱ्याला कळायचं ते कळत होतं. कीचक म्हणजे कर्झन. सैरंध्री म्हणजे आपला देश. दमानं घ्या, अर्ज करा, वाट बघा म्हणणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ पुढारी. आणि भीम म्हणजे जहाल. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेस फुटली ती ह्याच रेघेवर, मवाळ एकीकडे आणि जहाल एकीकडे.

लंडनच्या 'टाइम्स'चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० मध्ये हिंदुस्थानातल्या असंतोषावर पुस्तक काढलं. त्यात ह्या नाटकाचं वर्णन आहे. पुस्तक आपल्या लोकांच्या बाजूचं मुळीच नाही. त्याच पुस्तकापायी टिळकांनी पुढे लंडनला जाऊन चिरोलवर अब्रुनुकसानीचा दावा लढवला, आणि हरले. पण एक गोष्ट त्यात नीट टिपलेली आहे. कुणाचंच नाव घेतलेलं नाही तरी थिएटरातल्या प्रत्येकाला कोण कोण ते ठाऊक असतं, असं तिथे म्हटलं आहे. कीचकाच्या वागण्यावर पुरुषांचे चेहरे कसे आवळत जातात, द्रौपदीचं गाऱ्हाणं ऐकताना बायकांचे डोळे कसे चमकतात, युधिष्ठिराच्या मऊपणाचा त्यांना कसा तिटकारा येतो, आणि कीचक मेला की थिएटरात समाधानाचा हुंकार कसा उठतो, असं सगळं आहे. त्या बायका ब्राह्मण घरच्या होत्या, असंही लिहिलं आहे. थिएटरात तिकीट काढून बसणं तेव्हा आपल्यासारख्यांच्या वाट्याला कुठून येणार?

आम्हाला यातली गंमत अशी वाटते: स्टेजवर बाई नव्हती. तेव्हाच्या बहुतेक मराठी कंपन्यांत बायकांची कामं पुरुषच करत. लिहिणारा पुरुष, द्रौपदी पुरुष, कीचक पुरुष, भीम पुरुष. खरी बाई होती ती फक्त समोर, बघणारी. आणि साहेबाला भीती वाटली ती त्या बघणारीच्या डोळ्यांची.

१९०९ च्या २१ डिसेंबरला नाशिकला कलेक्टर जॅक्सन यांचा अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घालून खून केला, तोही नाटकाच्या थिएटरात. जॅक्सन त्या रात्री 'शारदा' बघायला आले होते. म्हाताऱ्याशी लग्न लावून देऊ घातलेल्या पोरीचं ते नाटक, त्यात ना कीचक ना भीम. पण सरकारचं डोकं फिरलं. गणेशोत्सवातल्या मेळ्यांवर बडगा आला, छापखान्यांसाठी नवा कडक कायदा आला, आणि १९१० मध्ये 'कीचकवध'चे प्रयोगही बंद झाले आणि पुस्तकही.

नाटक बंद करायचा कायदा मात्र जुनाच होता, १८७६ चा. तो कशामुळे झाला ते ऐकण्यासारखं आहे, कारण त्यातही बायाच आहेत आणि त्यांनाही कुणी विचारलेलं नाही.

बंगालात दीनबंधू मित्र यांनी १८६० मध्ये 'नीलदर्पण' लिहिलं. निळीची शेती करायला लावणारे गोरे मळेवाले शेतकऱ्यांना कसे छळत, त्यांच्या लेकीबाळींवर कसा हात टाकत, ह्याचं नाटक. १८७५ मध्ये कलकत्त्याची एक कंपनी लखनौला हे नाटक करत होती. एका प्रसंगात शेतकऱ्याचा माणूस गोऱ्या मळेवाल्याला बडवतो. तो चालू असताना समोर बसलेले गोरे उठून थेट स्टेजवर चढले. नाटक तिथेच थांबलं, कंपनीनं गाशा गुंडाळला. हे कुणी लिहून ठेवलं? त्याच कंपनीत काम करणाऱ्या बिनोदिनी दासीनं. तेव्हा ती लहान पोर होती, पुढे बंगालची मोठी नटी झाली आणि तिनं आपल्या आठवणी स्वतः लिहिल्या.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात इंग्लंडचे युवराज कलकत्त्याला आले. एका नामांकित वकिलानं त्यांना घरी बोलावलं, आणि घरच्या बायकांनी आतल्या चौकात त्यांना ओवाळलं. गावभर चर्चा झाली: पडद्यातल्या बायका साहेबापुढे काढल्या! त्यावर थिएटरवाल्यांनी टिंगलीचं नाटक केलं. पोलिसांनी थांबवलं, तर नाव बदलून पुन्हा केलं. मग व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांनी १८७६ मध्ये आधी वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. जे नाटक सरकारला बदनामीचं, राजद्रोहाचं किंवा अश्लील वाटेल, ते बंद. युवराजाची अब्रू गेली, वकिलाची गेली, समाजाची गेली. ओवाळणाऱ्या बायकांना काय वाटलं, ह्याची नोंद आम्हाला कुठे सापडली नाही.

हा कायदा स्वातंत्र्यानंतरही पुस्तकात राहिला. संसदेनं तो रद्द केला तो २०१८ च्या सुरुवातीला. आपल्या राज्यात अजून नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे मंजुरीला पाठवावी लागते. दिवाळीनंतर वडशाच्या कंपन्या आपल्याकडे मंडप टाकतात, शंकरपट नाहीतर मंडई असली की रात्रभर नाटक चालतं, आपण ताडपत्रीवर पोरं मांडीवर घेऊन बघतो. त्या झाडीपट्टीच्या नाटकात आपले बोलणारे नट अचानक सरपंचाला, आमदाराला टोमणा मारतात आणि मंडप हसतो, तेव्हा 'कीचकवध' काय होतं ते थोडं कळतं. नाव घ्यायचं नाही. लोक घेतात.

खाडिलकरांचं पुढे काय झालं? टिळक मंडालेला असताना त्यांनी 'केसरी' सांभाळला. मग संगीत नाटकं लिहिली, 'मानापमान', 'स्वयंवर'. ती खूप चालली. १९२३ मध्ये 'नवाकाळ' काढला.

आता पुन्हा द्रौपदीकडे. देश म्हणजे बाई, आणि तिची अब्रू धोक्यात, ही कल्पना एकट्या खाडिलकरांची नाही. कलकत्त्यात अवनींद्रनाथ ठाकूर यांनी फाळणीच्याच वर्षी, १९०५ मध्ये, 'भारतमाता' नावाचं चित्र काढलं. भगवं नेसलेली साधी बाई, देवीसारखे चार हात. एका हातात पोथी, एकात जपमाळ, एकात पांढरं वस्त्र, आणि एकात धानाची पेंडी. आधी त्यांच्या मनात ती बंगालची माता होती, मग ती साऱ्या देशाची झाली. देवीचे हात आणि संन्याशिणीचं लुगडं एकत्र करून काढलेलं ते राजकारणाचंच चित्र होतं. आम्ही ते मोबाईलवर बघितलं. रोवणीला जाणारी आमची एक मैत्रीण म्हणाली, "धान आहे हातात, पण हाताला चिखल नाही."

शंभर वर्षांनी, २००६ मध्ये, आणखी एक भारतमाता गाजली. पंढरपुरात जन्मलेले, मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत मोठे झालेले चित्रकार एम. एफ. हुसेन यांचं ते चित्र. बाईच्या देहातून देशाचा नकाशा काढलेला, पण देह उघडा. काश्मीरच्या भूकंपग्रस्तांसाठी चित्रांचा लिलाव होता, त्याच्या जाहिरातीत ते छापून आलं आणि वादळ उठलं. देवींच्या त्यांच्या जुन्या चित्रांवरून १९९६ पासून आधीच राग होता. हुसेन यांनी माफी मागितली, चित्र लिलावातून काढलं, तरी देशात ठिकठिकाणी खटले झाले. ८ मे २००८ ला दिल्ली उच्च न्यायालयानं ते खटले रद्द केले. पण नव्वदीचा म्हातारा २००६ मध्येच देश सोडून गेला होता. २०१० मध्ये त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं आणि २०११ मध्ये लंडनला वारले.

हेही चित्र आम्ही बघितलं. निम्म्या बायांनी मान फिरवली, ते लपवत नाही. एक म्हणाली, आई आहे ना, मग अंगावर वस्त्र नको? दुसरी म्हणाली, वस्त्र तुम्ही चित्राला मागता, आणि गावात बाईला मारून घराबाहेर काढतात तेव्हा गप्प बसता. आमच्यात एकमत झालं नाही. व्हायलाच पाहिजे असंही नाही. पण इतकं मात्र सगळ्या म्हणाल्या की मान फिरवणं वेगळं आणि माणूस हाकलणं वेगळं. आक्कांनी नाटकातून पाय काढला होता, पुठ्ठ्याची तोंडं फाडली नव्हती आणि ती लिहिणाऱ्या पोरीला घालूनपाडून बोलल्या नव्हत्या. तेही आम्हाला तेव्हाच आठवलं.

आता एक द्रौपदी राहिली, आणि ती जंगलातली आहे. महाश्वेता देवी यांनी १९७८ च्या आपल्या एका पुस्तकात 'द्रौपदी' नावाची गोष्ट लिहिली. तिच्यातली बाई संथाळ आदिवासी, नाव दोपदी मेझेन. द्रौपदी हे नाव तिच्या लोकांच्या तोंडात दोपदी होतं. बंगालच्या जंगलात नक्षल्यांच्या शोधात फौज फिरते आहे, ती तिला पकडते. अंमलदार हुकूम देऊन निघून जातो, आणि रात्रभर तिच्यावर अत्याचार होतो. महाभारतात देव वस्त्र पुरवतो. इथे कुणी येत नाही, ना देव, ना भीम. सकाळी तिला लुगडं देतात, तर ती ते नेसायलाच नकार देते. तशीच चालत अंमलदारासमोर जाऊन उभी राहते. हत्यार नसलेल्या बाईची त्याला भीती वाटते, तिथे गोष्ट संपते.

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट वाचणं सोपं नाही. आपण दोन्हीकडची बंदूक बघितली आहे. वाचताना आमच्यातली एक मध्येच उठून बाहेर गेली. का, ते तिला कुणी विचारलं नाही. आम्ही ती पुढे वाचली, पण हळू आवाजात.

मणिपूरचे हैस्नाम कन्हाईलाल यांनी २००० साली ह्या गोष्टीचं नाटक केलं, आणि त्यांच्या पत्नी सावित्री यांनी द्रौपदी केली, शेवटच्या प्रसंगासकट. पन्नाशी ओलांडलेली बाई स्टेजवर वस्त्र उतरवते म्हणून मणिपुरात टीका झाली. मग २००४ च्या जुलैत थांगजाम मनोरमा या तरुणीला निमलष्करी जवानांनी घरातून उचलून नेलं आणि तिचा मृतदेह सापडला. १५ जुलैला इंफाळच्या कांगला किल्ल्याच्या फाटकासमोर बारा बायका, आया, आज्या, विवस्त्र होऊन उभ्या राहिल्या. नाटक आधी झालं होतं, हे त्यानंतर. आम्ही इतकंच सांगतो, एकातून दुसरं निघालं असं म्हणत नाही. २०२१ मध्ये दिल्ली विद्यापीठानं ही गोष्ट इंग्रजीच्या अभ्यासक्रमातून काढून टाकली, त्यावरही मोठा वाद झाला.

तीन द्रौपदी झाल्या. महाभारतातली हाताचे घट्टे दाखवते. खाडिलकरांची थिएटर पेटवते, पण वाट भीमाची बघते. महाश्वेता देवींची कुणाचीच वाट बघत नाही. आमच्या पथनाट्यात कुठली घ्यायची, ह्यावर तीन बुधवार गेले. शेवटी आम्ही पहिली घेतली, घट्टेवाली. कारण घट्टे आमच्याकडे तयार आहेत, सोंग करावं लागत नाही.

कीचकाला कुठल्याच जातीचं पागोटं नको, कुठलीच बोली नको, असं आक्कांनी सांगितलं. नाहीतर पुन्हा कुणीतरी दुखावेल आणि खरा दारूवाला मागे उभा राहून हसेल. म्हणून आमचा कीचक पांढरा शर्ट घालतो आणि मोटारसायकलवर येतो. मोहाची दारू नाटकातून काढावी की नाही, ह्यावर फार वाजलं. ती गेली नाही, पण तिला आता राक्षसाचं तोंड नाही. त्या जागी आक्का स्वतः येऊन सांगतात की देवापुढची धार किती आणि डब्यात भरून विकतात ती किती. हे त्यांनीच बसवलं, आम्ही त्यात अक्षरही घातलं नाही. त्यांच्याबरोबर उठून गेलेल्या तिघींपैकी दोघी परत आल्या. तिसरी नाही आली.

पहिला प्रयोग आमच्याच गावात, हनुमानाच्या पाराजवळ झाला. कीचक मोटारसायकलवरून उतरला. आम्ही कुणाचंच नाव घेतलं नव्हतं. समोरची पोरं एका घराकडे बघायला लागली. मग मोठी माणसंही. त्या घराचं दार आतून लागलं. रात्री सरपंचांकडे तक्रार गेली की नाटकात आमची बदनामी केली. सरपंचांनी विचारलं, कुठे आहे नाव? आम्ही वही पुढे केली.

आता पलीकडच्या गावानं बोलावलं आहे आणि एक अडचण आली आहे. आमची सुदेष्णा बाळंतपणाला माहेरी गेली. सैरंध्री व्हायला चौघी तयार आहेत, भीम व्हायला तर भांडणं होतात, कीचकही हौसेनं मिळतो. पण डबा हातात देऊन दुसऱ्या बाईला दारू आणायला पाठवणारी सुदेष्णा कुणालाच व्हायचं नाही. एक म्हणाली, मी माझ्या पोरीला दोन वर्षं असंच पाठवलं, नवरा मारायचा म्हणून. तेच चारचौघांत पुन्हा करू?

तिला आम्ही जोर केला नाही. तालीम बुधवारी दुपारी आहे, शाळेच्या मागच्या ओट्यावर.